अखेरचा हात

लंडन शहराच्या पश्चिमेस फेल्टम नावाचे एक उपनगर आहे. हीथ्रोचा मोठा विमानतळ तेथून जवळच असल्यामुळे विमानांची घरघर तेथील रहिवाशांच्या चांगलीच परिचयाची आहे. या उपनगरातील एका साध्या घरात १९६३ च्या ऑगस्ट महिन्यात सोळा वर्षांचा एक मुलगा आणि त्याचे वडील एका विलक्षण उद्योगाला लागले. मुलाचे नाव ब्रायन मे आणि वडिलांचे नाव हेरॉल्ड मे. त्यांना विजेवर वाजणारी गिटार बनवावयाची होती. आणि तीही घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी.

त्या काळी इंग्लंडमधील मुलांना गिटारने वेड लावले होते. वाद्यांच्या दुकानांतील काचेआड अमेरिकेहून आलेल्या झगझगीत गिटारी टांगलेल्या असत. मुले काचेला नाक लावून त्यांच्याकडे पाहत आणि किंमत वाचून घरी परत जात. ब्रायनचीही तीच स्थिती होती. सातव्या वाढदिवसाला त्याला एक साधी गिटार मिळाली होती. तिच्यावर त्याने हात बसविला होता. तिला लोहचुंबक जोडून तिचा आवाज विजेच्या साहाय्याने मोठा करण्याचा प्रयोगही त्याने केला होता. परंतु खरीखुरी विजेची गिटार विकत घेणे त्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते.

अशा वेळी एखाद्या मुलाने हट्ट धरला असता. एखाद्याने मनातली इच्छा मनातच मारली असती. मे यांच्या घरची रीत निराळी होती. हेरॉल्ड हे विद्युत्-शास्त्रातील जाणकार असून विमानविषयक सरकारी खात्यात यंत्रांचे आराखडे काढण्याचे काम करीत. हातात हत्यार धरण्याची त्यांना मनापासून आवड होती. घरातील रेडिओ आणि दूरचित्रवाणीचा संचदेखील त्यांनी स्वतःच जुळविला होता. जे विकत घेणे परवडत नाही ते घडवून पाहावे, हा धडा त्या घरात मुलाला कोणी तोंडाने दिला नसेल. पण तो रोज त्याच्या डोळ्यांसमोर होता.

विजेच्या गिटारीची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे. साध्या गिटारीत तारेचा नाद पोकळ लाकडी पेटीत घुमून मोठा होतो. विजेच्या गिटारीत हे काम निराळ्या रीतीने होते. तिच्या तारा पोलादाच्या असतात. तारांच्या खाली लोहचुंबक बसविलेले असून त्यांच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची तार कंप पावली, की चुंबकाच्या क्षेत्रात बदल होतो आणि तांब्याच्या वेढ्यांत अगदी क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह ध्वनिवर्धकात नेला म्हणजे तो बलवान होऊन कर्ण्यातून नादरूपाने बाहेर पडतो. मग लाकडाला काहीच महत्त्व नाही काय? महत्त्व आहेच. सहा ताणलेल्या तारांची एकत्रित ओढ चाळीस किलोंहूनही अधिक भरू शकते. ती ओढ वर्षानुवर्षे सहन करून दांडी सरळ राहिली पाहिजे. ती केसभर वाकली तरी सूर बिघडतो.

अशा दांडीसाठी जुने, मुरलेले लाकूड हवे होते. ते अनपेक्षित ठिकाणी सापडले. थंड देशांतील घरांत भिंतीत शेकोटी बांधलेली असते आणि तिच्याभोवती लाकडाची भक्कम चौकट बसविलेली असते. मे कुटुंबाच्या एका स्नेह्याने आपल्या घरातील शेकोटीची शंभर वर्षांपूर्वीची महोगनी लाकडाची चौकट टाकून द्यावयास काढली होती. तिच्यातूनच ब्रायनने गिटारीची दांडी कोरून काढली. लाकूड जुने आणि कठीण होते. हत्यारे हातांची होती. तळहाताला गोलाई नीट वाटेपर्यंत तासणे आणि घासणे चालू राहिले. त्यात आणखी एक विघ्न आढळले. लाकडाला पूर्वी कधी तरी कीड लागलेली होती आणि किड्यांनी पाडलेली बारीक छिद्रे दांडीत राहिली होती. ब्रायनने आगपेटीतील काड्या घेतल्या, त्या छिद्रांत ठोकून बसविल्या आणि पृष्ठभाग घासून सपाट केला.

गिटारीचा देह तर याहूनही साध्या वस्तूंचा होता. मधला महत्त्वाचा भाग ओक लाकडाचा. तो एका जुन्या टेबलातून मिळाला. बाकीचा भाग ब्लॉकबोर्डचा, म्हणजे दोन पातळ फळ्यांमध्ये मऊ लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या तक्त्याचा होता. असे तक्ते कपाटे आणि दारे करण्यासाठी वापरतात. तारांचा स्वर लववून खालीवर करण्यासाठी जी तरफ लागते तिचीही हकीकत अशीच आहे. तारांची ओढ तोलून धरणाऱ्या दोन स्प्रिंगा १९२८ सालच्या एका जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातील होत्या. तरफेचा दांडा सायकलवर पिशवी अडकविण्याच्या सळईचा होता. आणि त्याच्या टोकाला बसविलेला गुळगुळीत तुकडा आईच्या विणकामाच्या सुईचा होता! तारा ज्या घोडीवरून जातात तिच्यावर ब्रायनने लहान लहान फिरत्या चकत्या बसविल्या. तार मागेपुढे सरकली, की चकती तिच्याबरोबर फिरे. त्यामुळे घर्षण कमी होऊन तार पुन्हा नेमकी आपल्या मूळ सुरावर येई.

येथपर्यंतचे काम म्हणजे वाद्याचा सांगाडा झाला. तारा चढविल्या असत्या तर त्यातून सूरही निघाले असते. परंतु ते वाद्य पाहून कोणी गिटार म्हटले असते की नाही, याची शंकाच आहे. ओकचा एक रंग, मऊ लाकडाचा दुसरा, शेकोटीच्या महोगनीचा तिसरा; कडेला तक्त्याचे थर उघडे पडलेले; ठिकठिकाणी कानशीचे आणि पटाशीचे ओरखडे. काम करणाऱ्याच्या धीराची खरी परीक्षा अशाच वेळी होते. वस्तू जवळजवळ पुरी झालेली असते. ती हातात घेऊन वापरावी, मित्रांना दाखवावी, अशी उतावीळ मनाला झालेली असते. आणि नेमक्या त्याच वेळी सर्वांत सावकाश करावयाचे काम पुढे उभे राहते. पुष्कळ चांगली कामे येथेच फसतात. घडविणारा थकतो आणि ‘चालेल एवढ्यावर’ असे म्हणतो.

फेल्टमच्या त्या घरात ‘चालेल’ या शब्दाला जागा नव्हती. प्रथम देहाच्या दर्शनी व मागील अंगावर महोगनी लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटविण्यात आला. हे काम दिसावयास सोपे, पण करावयास अवघड. डिंक कोठे कमी पडला तर पापुद्र्याखाली फुगा राहतो. कोठे जास्त झाला तर तो बाहेर येऊन डाग पडतो. पापुद्रा नीट बसला आणि साधा तक्ता जणू एकाच महोगनीच्या ओंडक्यातून कोरून काढल्यासारखा दिसू लागला. मग कडा राहिल्या. त्यांवर पांढऱ्या प्लॅस्टिकची अरुंद पट्टी फिरविली. ही पट्टीही वाद्यांच्या दुकानातील नव्हे. घरातील फडताळांच्या फळ्यांच्या कडांना लावतात तीच ती. तिने पापुद्र्याची नाजूक कड झाकली, तिला ठेचेपासून संरक्षण दिले आणि तांबूस देहाभोवती पांढऱ्याशुभ्र रेघेची शोभाही आणली.

दांडीवर बोटे ठेवण्याची जी पट्टी असते ती ब्रायनने ओकची केली. सतारीला जसे पडदे असतात तसेच गिटारीलाही धातूचे पडदे असतात. या गिटारीच्या पट्टीवर असे चोवीस पडदे बसविले. मोठे कारागीर अशा पट्टीसाठी शिसवीसारखे गडद लाकूड वापरतात; परंतु तसले लाकूड हाताशी नव्हते. म्हणून ओकलाच काळे रोगण देऊन त्याला गडद रूप दिले. आता त्या काळ्या पट्टीवर खुणा हव्या होत्या. वादकाचे बोट कोणत्या पडद्याजवळ आहे हे एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून अशा खुणा करतात. दुकानातल्या गिटारींवर त्या शिंपल्याच्या असतात. शिंपला आणावा कोठून? आईच्या शिवणाच्या डब्यात शिंपल्याची जुनी बटणे होती. ब्रायनने ती घेतली, एकेक घासून बारीक व गोल केले आणि पट्टीत खळगे करून त्यांत बसविले. सातव्या आणि एकोणिसाव्या पडद्यापाशी दोन दोन; बाराव्या आणि चोविसाव्यापाशी तीन तीन. ही मांडणीही त्याने दुसऱ्या कोणाची न उचलता आपल्या मनाने ठरविली.

अलंकार म्हणजे केवळ दिखावा, असे पुष्कळांना वाटते. या गिटारीकडे पाहिले म्हणजे ती समजूत गळून पडते. पांढरी पट्टी शोभेची खरी, पण ती कडा राखते. शिंपल्याचे ठिपके सुंदर खरे, पण ते बोटांना वाट दाखवितात. जे उपयोगी आहे तेच सुबक करावे, हा या सजावटीचा नियम दिसतो. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गिटारीच्या दर्शनी अंगावर इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या वळणाचे एक नक्षीदार छिद्र कोरावे, असा विचार आरंभी होता. व्हायोलिनवर अशी छिद्रे असतात आणि ती फार डौलदार दिसतात. परंतु ते छिद्र अखेरपर्यंत कोरले गेले नाही. दर्शनी अंग मोकळेच राहिले आणि महोगनीच्या नैसर्गिक रेषांनाच तेथे जागा मिळाली. सजावटीत काय घालावे याइतकेच काय घालू नये, यालाही महत्त्व आहे.

आता उरले रोगण. रोगण दोष झाकते, असा सर्वसाधारण समज आहे. सुताराला विचारले तर तो नेमके उलट सांगेल. कोऱ्या लाकडावर एखादा बारीक ओरखडा असला तर तो डोळ्यांना दिसतही नाही. पण रोगणाचा पहिला हात फिरला, की तोच ओरखडा आरशातील रेघेसारखा चमकू लागतो. म्हणून रोगणाचे काम कुंचला हातात घेण्यापूर्वीच सुरू होते. प्रथम जाड काचकागद, मग मध्यम, मग बारीक, अशा क्रमाने लाकूड घासावे लागते. आणि तेही लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे घासले तर प्रत्येक कण आपला ओरखडा मागे ठेवून जातो. घासून झाल्यावर सगळी धूळ पुसून काढावी लागते. कारण ओल्या रोगणावर बसलेला धुळीचा एक कणही वाळल्यावर पुटकुळीसारखा बोटाला लागतो.

ब्रायनने वापरलेले रोगण लाकडी सामानासाठी मिळणारे प्लॅस्टिकचे रोगण होते. ते दोन द्रव एकत्र करून तयार होते. द्रव वेगवेगळे असतात तोवर ते पातळच राहतात; एकत्र मिसळले, की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते आणि थोड्याच वेळात ते कठीण होऊ लागतात. म्हणून लागेल तेवढेच कालवावे लागते आणि कालवलेले वेळेत संपवावे लागते. एक हात द्यावयाचा, तो पुरता वाळू द्यावयाचा, बारीक काचकागदाने त्याची चमक पुन्हा घासून काढावयाची आणि मगच दुसरा हात द्यावयाचा. आदल्या दिवशी आणलेली झळाळी दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच हातांनी मंद करावयाची, हे नव्या माणसाला विचित्र वाटते. परंतु घासल्यावाचून पुढचा थर मागच्यावर घट्ट बसत नाही आणि पृष्ठभाग सपाट होत नाही. असे थरावर थर चढले. शेवटी महोगनीचा मूळचा तांबूस रंग खोल पाण्यातून दिसावा तसा त्या रोगणातून दिसू लागला. त्या रंगावरूनच पुढे या गिटारीला ‘रेड स्पेशल’ हे नाव पडले.

शाळा आणि नोकरी सांभाळून चाललेल्या या कामाला सुमारे दोन वर्षे लागली. खर्च आला अवघा आठ पौंडांच्या आसपास.

परंतु अजून एक उणीव बाहेर यावयाची होती, आणि ती डोळ्यांना दिसणारी नव्हती. तारांखालचे चुंबकीय ग्राहकही ब्रायनने स्वतःच तयार केले होते. त्यांसाठी त्याने बाजारातील साधे लोहचुंबक आणले होते आणि तांब्याची तार गुंडाळण्यासाठी हाताने फिरविण्याचे एक यंत्रही घरीच बनविले होते. आवाज चांगला येत असे. पण वाजविताना तार बोटाने आडवी ओढली, की मध्येच विचित्र आवाज येई. तार आडवी ओढून स्वर वर नेणे हा तर या वाद्याचा प्राण. कितीही प्रेमाने केलेली असली तरी उणीव ती उणीवच. ब्रायनने अभिमान बाजूला ठेवला आणि बर्न्स या इंग्रज कंपनीचे तीन ग्राहक विकत घेतले. त्यांतही त्याने आपली भर घातलीच. ध्वनिवर्धकाच्या मोठ्या आवाजात ग्राहकांतील तारेचे वेढे थरथरून कर्कश शिटी उमटू नये म्हणून त्याने त्यांत अ‍ॅराल्डाइट हा चिकट पदार्थ भरून ते वेढे घट्ट बसवून टाकले. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

याच सुमारास एक योगायोग घडत होता. १९६४ मध्ये झांझिबार बेटावरून एक पारशी कुटुंब फेल्टममध्ये राहावयास आले. त्या कुटुंबातील मुलाचे नाव फारूख बलसारा. त्याचे बालपणीचे शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून झाले होते. तेथे तो पियानो वाजविण्यास शिकला आणि शाळासोबत्यांबरोबर त्याने एक लहानसा वाद्यवृंदही काढला होता. सह्याद्रीच्या पठारावरील शाळेतून आलेला हा मुलगा आणि शेकोटीच्या लाकडाची गिटार घडविणारा मुलगा एकाच उपनगरात राहत होते. पण तेव्हा त्यांची ओळख नव्हती. ती पुढे काही वर्षांनी झाली. १९७० मध्ये दोघे ‘क्वीन’ या वाद्यवृंदात एकत्र आले. फारूख तेव्हा फ्रेडी मर्क्युरी या नावाने गाऊ लागला आणि त्याच्या गाण्याला ब्रायनच्या लाल गिटारीची साथ मिळाली. या वाद्यवृंदाची कीर्ती पुढे जगभर पसरली.

येथे कथा आनंदात संपावी असे कोणालाही वाटेल. परंतु जीवनात सर्व गोष्टी इतक्या सरळ नसतात. ब्रायन अभ्यासातही हुशार होता. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्याने पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आणि सूर्याभोवती पसरलेल्या सूक्ष्म धुळीविषयी संशोधन आरंभिले. मुलगा शास्त्रज्ञ होणार, या कल्पनेने वडील सुखावले होते. त्याच मुलाने १९७४ मध्ये संशोधन अर्धवट सोडून संगीताला वाहून घेतले, तेव्हा वडिलांना फार दुःख झाले. गिटार ही त्यांच्या दृष्टीने फावल्या वेळातील हौस होती; तिच्यावर कोणी आयुष्य उभारील, हे त्यांना पटेना. ज्या दोघांनी दोन वर्षे एका लाकडावर हात चालविले, त्यांच्यात काही काळ धड बोलणेही होईना. मुलाला या मार्गावर नेणारे वाद्य आपणच त्याच्याबरोबर घडविले, हे वडिलांना ठाऊक होते. आणि आपण वडिलांचे मन दुखविले, हे मुलालाही ठाऊक होते. दोघांचेही प्रेम खरे होते, म्हणूनच दुःखही खरे होते.

हा दुरावा वादाने मिटला नाही. न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन या विशाल सभागृहात क्वीनचा कार्यक्रम होता. ब्रायनने आईवडिलांना इंग्लंडहून तेथे बोलावून घेतले. हजारो माणसे दाटीने बसली होती. दिव्यांच्या प्रकाशात मुलगा उभा होता आणि त्याच्या गळ्यात तीच गिटार होती. स्नेह्याच्या शेकोटीचे लाकूड, आईच्या डब्यातील बटणे, विणकामाच्या सुईचा तुकडा आणि स्वतः वडिलांचे कष्ट, हे सर्व त्या क्षणी हजारो अनोळखी माणसांना आनंद देत होते. वडिलांनी ते डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले. कार्यक्रम संपल्यावर, तुझे म्हणणे आता मला समजले, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे झाले आणि पितापुत्रांमधील अढी सुटली.

हेरॉल्ड मे १९८८ मध्ये निवर्तले. मुलाने सोडून दिलेल्या संशोधनाचा शेवट त्यांना पाहावयास मिळाला नाही. पण ब्रायनने तेही काम विसरून टाकलेले नव्हते. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्याने ते पुन्हा हाती घेतले आणि २००७ मध्ये, साठाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळविली. अर्धवट राहिलेल्या कामावर अखेरचा हात फिरवावयाचा, हा संस्कार किती खोल रुजलेला होता, याची यावरून कल्पना येते.

गिटारीनेही पुष्कळ दिवस पाहिले. १३ जुलै १९८५ रोजी दुष्काळग्रस्त इथिओपियाच्या मदतीसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेल्या प्रचंड कार्यक्रमात ती वाजली. ३ जून २००२ रोजी इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ब्रायनने बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभे राहून तिच्यावर राष्ट्रगीत वाजविले. राजवाड्यावर चढविण्यासाठी त्याला दुसरे कोणतेही मौल्यवान वाद्य मिळू शकले असते. त्याने आठ पौंडांचे हे घरगुती वाद्यच निवडले.

इतकी वर्षे हाताळल्यावर रोगण झिजावे, कडा ठेचाव्यात, हे स्वाभाविकच होते. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रेग फ्रायर नावाच्या वाद्यकाराने तिची दुरुस्ती केली. हा कारागीर काही कोणी नवशिका नव्हता. त्याआधी त्याने या गिटारीचा बारकाईने अभ्यास करून तिच्या तीन प्रतिकृती तयार केल्या होत्या. सगळे जुने रोगण खरवडून तिला कोरी करकरीत करणे त्याला अशक्य नव्हते. पण त्याने गिटारीचे मूळ रूप कायम ठेवले. जेथे झीज झाली होती तेथेच जपून डागडुजी केली. दोन वर्षांच्या कष्टांची साक्ष देणारा तो पृष्ठभाग होता. त्याचे मोल नव्या झळाळीहून अधिक आहे, हे जाणकार कारागिराने ओळखले.

आज जगात या गिटारीच्या अनेक प्रतिकृती मिळतात. कारखान्यांत यंत्रांवर त्यांचे भाग अचूक कापले जातात आणि त्यांच्यावर निर्दोष, चकचकीत रोगण चढविले जाते. त्यांच्या काळ्या पट्टीवरही पांढरे ठिपके असतात. सातव्या पडद्यापाशी दोन आणि बाराव्यापाशी तीन. परंतु ते ठिपके कोणाच्या आईच्या शिवणाच्या डब्यातून आलेले नसतात, आणि त्यांच्या दांडीत रोगणाखाली आगपेटीतील काड्या घट्ट बसून राहिलेल्या नसतात.